गोधडीतले राणीछाप

बँक बुडाली त्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले. कारखान्यात काम करणारा माणूस भरदुपारी घरी येतो तो एकतर ताप भरला म्हणून, नाहीतर कामावरून काढलं म्हणून. आई हाताचं पीठ तसंच ठेवून दारात आली. बाबांनी चपला काढल्या, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "कल्याणला जाऊन आलो. बँकेला कुलूप आहे. दारावर कागद चिकटवलाय."

"काय लिहिलंय?"

"व्यवहार बंद. एवढंच."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. अंबरनाथला स्टेशनपासून थोडं आत आमची दीड खोलीची जागा होती. बाबा कारखान्यात हजेरी कारकून होते आणि लग्नापासून साठवलेलं सगळं त्यांनी त्या लहानशा बँकेत ठेवलं होतं, कारण बरोबरच्या एका कारकुनाने सांगितलं होतं की तिथे व्याज चांगलं मिळतं. त्या काळात अशा लहान बँका एकामागून एक बसत होत्या हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की बाबांचा चेहरा उतरलाय आणि आई त्यांना काहीच विचारत नाहीये. तिने चहा ठेवला. कप त्यांच्या हातात दिला आणि परत पिठाकडे गेली. त्या दिवशीच नव्हे, पुढे कधीही तिने त्यांना त्या बँकेवरून एक शब्द विचारला नाही.

आई जांभूळ गावची, शेतकऱ्याच्या घरची. तिच्या वडिलांनी जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती. भात विकून जे हाती येई त्यातले चार रुपये ते चांदीचे करून घेत आणि गाडग्यात टाकत. दुष्काळ पडला, बैल मेला, की गाडगं उघडायचं. आईला तेवढंच अर्थशास्त्र ठाऊक होतं. बँक बुडाल्यावर आठवड्याभरात तिने उल्हासनगरच्या कॅम्पातून काज-बटणाचं काम आणायला सुरुवात केली, आणि पहिल्या महिन्याची मजुरी हातात आली तसा एका रविवारी माझा हात धरून म्हणाली, "चल. रुपया घ्यायचाय."

"रुपये तर आहेत तुझ्या हातात."

"हे कागदाचे. खरा घ्यायचाय."

आमच्याकडून पाच नंबरचा कॅम्प चालत जाण्यासारखा होता. लष्कराच्या जुन्या बराकी आणि त्यांत फाळणीनंतर येऊन राहिलेले सिंधी. एकेका बराकीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून चार-चार, सहा-सहा कुटुंबं. पण बराकीबाहेर पाहावं तर बाजार. खाटेवर पापड वाळत घातलेले, त्याच्याच शेजारी कोणी कुलुपं दुरुस्त करतोय, कोणी शर्ट शिवतोय, कोणी साबणाच्या वड्या पाडतोय. रिकामं बसलेलं माणूस तिथे मी पाहिलं नाही.

काजाचं काम देणाऱ्या बाईने आईला एका म्हाताऱ्याचं ठिकाण सांगितलं होतं. बराकीच्या ओट्यावर पोत्यावर तो बसलेला, पुढ्यात लहानसा तराजू, कसोटीचा काळा दगड आणि फडक्यात बांधलेली जुनी नाणी. पांढरी दाढी, अंगात स्वच्छ सदरा. सिंधमध्ये त्याची सराफीची पेढी होती, हे आम्हांला नंतर कळलं. सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणू लागलो.

आईने चांदीचा रुपया मागितला तेव्हा त्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "क्यों चाहिये, अदी?" अदी म्हणजे त्यांच्या भाषेत ताई.

आईने मोडक्या हिंदीत बँकेचं सांगितलं. कागद खोटा पडला, आता चांदीच घेणार. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मत लो."

आईला वाटलं, भाव वाढवायला बोलतोय. पण तो पुढे बोलू लागला, हिंदीत, मध्येच सिंधीत. त्याच्या घरात जमिनीखाली तीन हंडे चांदी होती. बापाची, आजाची, त्याची स्वतःची. निघायची वेळ आली ती एका सकाळी. बोटीवर माणसामागे किती सामान न्यायचं ते ठरलेलं. "चांदी भारी होती है, अदी. बुढ़ी माँ को उठाऊँ कि हंडा उठाऊँ?" तीन हंडे तिथेच राहिले. तो आपली आई आणि हा तराजू घेऊन आला.

आईने पदराच्या गाठीतले रुपये काढून पोत्यावर ठेवले. मग म्हणाली, "दादा, हमको किधर जाने का है? हमारा गाव इधरच है. एक दे दो."

म्हातारा हसला. त्याने फडकं सोडलं.

नाणं कसं घ्यायचं हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. त्याने एक राणीछाप काढला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं डोकं असलेला, बोटाच्या टोकावर तोलला आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेने त्याला हलकेच टोला दिला. आवाज निघाला आणि निघतच राहिला, बारीक, लांब. मग त्याने दुसरा एक रुपया तसाच वाजवला. तो टक् करून थांबला.

"सच्चा कौन सा, धीअ?" त्याने मला विचारलं. धीअ म्हणजे लेक.

मी पहिल्याकडे बोट दाखवलं.

"और ये?"

"हा खोटा."

"कान अच्छा है इसका," तो आईला म्हणाला, जणू माझ्या गळ्यात सोन्याचं काही पाहिलं असावं अशा सुरात.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. महिन्यातून एका रविवारी आम्ही जायचो, कधी एक रुपया घ्यायचो, कधी दोन. भाव कमी-जास्त व्हायचा, पण एका जुन्या रुपयाला चालू दीड-पावणेदोन तरी मोजावे लागत. दादा प्रत्येक नाणं माझ्यासमोर वाजवायचा आणि विचारायचा, "सच्चा या झूठा?" मुद्दाम मध्येच एखादं खोटं घालायचा. माझं उत्तर बरोबर आलं की पापडाचा तुकडा मिळायचा. मी एकदाही चुकले नाही. शाळेत माझं गणित बेताचं, अक्षर गिचमिड; पण इथे एक मोठा माणूस माझ्या उत्तरावर विसंबून असायचा, आणि त्या रविवारांची मी वाट पाहत असे.

घरी आल्यावर आई रुपया गोधडीत शिवायची. तिने एक जुनी लुगड्यांची गोधडी खास त्यासाठी काढली होती. थोडी शिवण उसवायची, नाणं आत सरकवायचं, आणि भोवती असा घट्ट चौकोन घालायचा की ते हलणार नाही, वाजणार नाही. काज करून करून तिचा हात इतका बसला होता की कुठला चौकोन भरलेला आणि कुठला रिकामा हे वरून कळायचंच नाही. ती गोधडी वळकटीत सगळ्यांत खाली असे.

बाबांना हे ठाऊक नाही असं आई धरून चालली होती. बाबांना ते पहिल्या दिवाळीपासून ठाऊक होतं. पण बँकेत पैसे बुडवलेल्या माणसाने बायकोच्या साठवणीबद्दल काय बोलावं, असं त्यांना वाटत असणार. दोघंही त्या गोधडीबद्दल एकमेकांशी बोलत नसत आणि दोघंही ती मला पांघरू देत नसत.

एकदा मामा जांभूळहून तांदूळ घेऊन आला आणि जेवून दुपारचा आडवा झाला. आई नळावर गेली होती. त्याने वळकटीतली हाताला आली ती गोधडी ओढली आणि अंगावर घेतली. थोड्या वेळाने उठून बसला.

"काय गो बाय," आई आत आल्यावर म्हणाला, "ही गोधडी हाय का पाट्याचा दगड? छातीवर रेडा बसल्यासारा वाटला मना."

"जुन्या लुगड्यांची आहे. जाड असते," आई म्हणाली.

बाबा वर्तमानपत्राआड इतके हसले की त्यांना खोकल्याचं सोंग आणावं लागलं.

मी तेरा-चौदा वर्षांची झाले तेव्हा दादाच्या ओट्याशेजारी पिठाची गिरणी सुरू झाली. एका रविवारी त्याने नाणं वाजवलं आणि मला ते टक् करून थांबल्यासारखं वाटलं. मी समजले, गिरणीच्या आवाजाने असं झालं असेल. पण पुढच्या खेपेला गिरणी बंद होती. त्याने दोन राणीछाप वाजवले. एकाचा आवाज बारीक, लांब निघाला. दुसऱ्याचा निघालाच नाही. दादा दोन्हींकडे सारख्याच समाधानाने पाहत होता.

"सच्चा या झूठा?"

त्याच्या डोळ्यांत नेहमीची गंमत नव्हती. तो खरोखरच विचारत होता.

त्याआधी थोडे दिवस मी एक प्रकार पाहिला होता. कोणी एक गिऱ्हाईक त्याच्या पोत्यासमोर उभं राहून ओरडत होतं, "बुड्ढा बहरा हो गया है, दुकान बंद करो!" आसपासची माणसं पाहत होती. दादा तराजूची दोरी उगाच सरळ करत राहिला. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"सच्चा," मी म्हणाले.

त्याने पापडाचा तुकडा दिला. मी तो खाल्ला.

एकदा बोलून गेल्यावर परत फिरणं अवघड. दर खेपेला वाटायचं, आज सांगावं. पण आज सांगितलं तर मागच्या वेळचंही सांगावं लागणार. कधी नाणं खरं निघायचं आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. कधी खोटं निघायचं. कॅम्पात कोणीतरी हेरलं होतं की म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, आणि तो माणूस त्याच्या गळ्यात मुलाम्याची नाणी मारत होता. वरून चांदी, आत भलतंच. ती फिरून आमच्या गोधडीत येत होती. असं दोन वर्षं चाललं. त्यातच एका दिवाळीला बाबांना बोनस मिळाला. तो त्यांनी न बोलता आईच्या पुढ्यात ठेवला आणि आईने एकदम पुष्कळ रुपये घेतले. त्या दिवशी मी प्रत्येक नाण्याला "सच्चा" म्हणत गेले आणि घरी येऊन जेवले नाही.

नवे पैसे आले त्या वर्षी मी मॅट्रिक झाले. बाजारात आण्यांचा आणि नव्या पैशांचा गोंधळ चालला होता, भाजीवालीशी रोज भांडणं, आणि लोक म्हणत होते, आता सगळंच बदलणार. आमच्या घरात वेगळंच चाललं होतं. मला पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती. वसतिगृहाचे पैसे पंधरा दिवसांत भरायचे होते.

त्या संध्याकाळी आईने वळकटी सोडली आणि ती गोधडी बाबांच्या समोर पसरली.

"ही संकटासाठी आहे," बाबा म्हणाले. म्हणजे आपल्याला ठाऊक होतं हे त्यांनी तसं कबूलच केलं.

"संकट आलं नाही. पोरगी मॅट्रिक झाली," आई म्हणाली. "मग काय संकटाची वाट बघत बसू?"

तिने कात्री घेतली. एकेक चौकोन उसवत गेली. रुपये काळे पडले होते. बाबा चिंचेच्या कोळाने ते घासायला बसले. सात वर्षांत मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. घासता घासता त्यांनी एक रुपया गमतीने पाट्यावर टाकला. तो खणखणला. दुसरा टाकला, तो बद्द वाजला.

"ओला आहे म्हणून," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

मी सगळं सांगितलं. आई उसवलेल्या गोधडीवर बसून ऐकत होती. मग तिने सगळे रुपये माझ्यापुढे ओढले आणि म्हणाली, "वेगळे कर." मी एकेक वाजवून दोन ढीग केले. खोट्यांत एकोणतीस निघाले.

"तुला तेव्हाच ऐकू आलं होतं?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना बोलली असतीस. त्यांना काय वाटलं असतं?"

आईचा आवाज चढला. "आणि मी दिवे लागेपर्यंत काजं करत बसायची ते? त्याचं तुला काही वाटलं नाही?"

मी एका म्हाताऱ्याचा मान राखला तो आईच्या डोळ्यांच्या मोबदल्यात, आणि हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

बाबांनी हातातला रुपया पुसून खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "बँक बुडाली तेव्हा तूही मला काही बोलली नव्हतीस."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि भाताचं आधण ठेवलं. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने खरे रुपये पिशवीत घातले आणि म्हणाली, "चल." मला वाटलं कल्याणच्या सराफाकडे. ती पाच नंबरच्या वाटेला लागली.

दादा आता ओट्यावर नव्हता. त्याच्या सुनेने बराकीच्या तोंडाशी फळ्यांचं लहानसं दुकान थाटलं होतं, तिथे तो आत खुर्चीवर असे. सून व्यवहार बघायची आणि त्याच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगायची. तिने रुपये तोलले. दादाने विचारलं, किती आहेत? तिने सांगितलं. तो बोटांवर काही मोजत राहिला.

"अदी, मैंने ज़्यादा दिये थे."

त्याला आकडा पाठ होता. सात वर्षांतला एकेक रुपया.

"बाकी क्या हुआ? मेरे हाथ से खोटा गया?"

आईने क्षणभरही वेळ घेतला नाही. त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "नहीं दादा. इसके शादी के लिये रखा है थोड़ा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सुनेने पैसे दिले आणि आम्ही निघालो. वाटेत वालधुनी नदीच्या पुलावर आईने माझा हात धरला. सोळा वर्षांच्या मुलीचा हात ती रस्त्यात धरत नसे. म्हणाली, "आता मीही खोटं बोलले. झालं."

पैसे पुरले नाहीत. मामाने तांदूळ विकून देतो म्हटलं, पण पंधरा दिवसांत ते जमणार नव्हतं. त्या वर्षीची जागा गेली. मी आईबरोबर काजं करायला बसले आणि तेव्हा मला कळलं की दिवसभर सुई धरल्यावर बोटाचं टोक कसं होतं.

महिना झाला असेल. दादाची सून घरी आली. म्हणाली, सासरे बोलावतायत, मुलीला. मी गेले. त्याने मला शेजारी बसवून घेतलं आणि सुनेला बाहेर पाठवलं.

"कितने?" त्याने विचारलं.

या वेळी मी खरं सांगितलं. बोटांनी दाखवलं, दोनदा दहा आणि वर नऊ. त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "मैं पूछता था ना, तेरे को. मेरे कान तो गये थे. मैं तेरे कान से सुनता था, धीअ."

मी म्हणाले, मला माफ करा. ते त्याला ऐकू आलं नाही, पण त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो खोट्यांच्या जागी खरे रुपये द्यायला सुनेला घेऊन निघाला होता. आईला कळलं तशी ती पाच नंबरला जाऊन त्याला अडवून आली. एवढे रुपये त्याच्याकडे तरी कुठे होते. दोघांची दुकानात बरीच बाचाबाची झाली, तो सिंधीत, ती मराठीत. शेवटी असं ठरलं की मी दर रविवारी त्याच्या दुकानात बसायचं आणि येणारं प्रत्येक नाणं वाजवून सांगायचं, खरं की खोटं. त्याचे मला पैसे मिळतील. वर्षभर मी बसले. मुलाम्याची नाणी आणणारा तो माणूस पहिल्याच महिन्यात आला. मी नाणं वाजवलं आणि चार माणसांत म्हणाले, "झूठा." तो पुन्हा फिरकला नाही.

त्या वर्षभरात दादाने मला पुष्कळ सांगितलं. त्याचं गाव, नदीकाठ, तीन मजली घर, वरच्या गच्चीवर वाऱ्यासाठी बांधलेले झरोके. हंड्यांबद्दल तो फारसं बोलत नसे. नदीतल्या माशाबद्दल मात्र बोलायला लागला की थांबत नसे. तसा मासा आता जन्मात मिळणार नाही, म्हणायचा.

पुढच्या वर्षी पुण्याला परत जागा मिळाली आणि या वेळी पैसे भरले. निघायच्या आदल्या रविवारी आईने दादाला आणि त्याच्या सुनेला जेवायला बोलावलं. सिंधी आमच्या चाळीत जेवायला येतायत म्हणून शेजारणी दारात उभ्या होत्या. मामा सकाळीच उल्हास नदीचे मासे घेऊन आला होता. आईने कोकम घालून कालवण केलं आणि तांदळाच्या भाकरी. दादा पाटावर मांडी घालून बसला. पहिला घास घेतला, काटा सफाईने बाजूला काढला आणि थोडा वेळ नुसताच चावत राहिला.

"कसं झालंय?" आईने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"काँटा कम है," तो म्हणाला. "हमारे में काँटा बहुत होता था." आणि ताट पुढे केलं, "थोड़ा और दो."

मामाने विचारलं, म्हातारा काय म्हणतोय? बाबांनी सांगितलं. मामा खूश झाला आणि म्हणाला, पुढच्या खेपेला काटेवालाच आणतो. आईने वाढलं. दादाने आणखी दोनदा मागून घेतलं, आणि त्याची सून पदराआड हसत म्हणाली की घरी हे अर्धी रोटी खाऊन उठतात.